मीराबाईचं बी उगवलं

हुडकेश्वरच्या पुढे प्लॉटच्या पाट्या संपल्या की मीराबाईचं चार एकर लागतं. मधोमध विहीर. त्या विहिरीपायीच सारं रामायण झालं बघा.

रंगाची एक कंपनी आली, नीळ पेरा म्हणाली. मीराबाईचा मुलगा रोशन शहरात, सदरला दुकानात नोकरीला. खिशात पेन असला की त्याचा हात शिवशिवतो. त्यानं सही ठोकली, गावानंही ठोकली. मग कळलं, पाला कुजवायला हौद बांधणार आणि पाणी गावाच्याच विहिरींचं उपसणार. करार मोडला तर शेत पाच वर्षं कंपनीकडे.

मीराबाईला जुनी गोष्ट आठवली. तिची आजेसासू सांगायची, गोऱ्या साहेबाच्या काळी नीळ पेरायला नाही म्हणणाऱ्याला हौदात गळ्याइतक्या पाण्यात उभं करत. पण बी राखणं बायांच्या हातचं, पुरुष त्याला शिवत नसत. बायांनी गुपचूप बियाला गरम पाणी दाखवलं. काही उगवलंच नाही. साहेब म्हणाला माती खोटी, आणि चालता झाला.

गावच्या बायांनी तेच ठरवलं. शेजारच्या पार्वतीबाईनं बी कढईत काळंठिक्कर भाजलं, बाकीच्यांनीही तसंच. मीराबाईनं मात्र म्हातारीचा शब्द पाळला. आधण चुलीवरून उतरवलं, त्यात बी टाकलं. पाण्यात किती शिजवायचं, ते म्हातारीनं कुठं सांगितलं होतं? आणि निळीचं बी म्हणजे दगडाचा भाऊ! कोमट होत गेलेल्या पाण्यात त्याचं टरफल मऊ झालं, इतकंच; आत कोंब जिवंतच राहिला.

बाकी सगळ्यांची रानं काळी राहिली, आणि मीराबाईच्या शेतात तरोट्याच्या रानभाजीसारखी पानं, ही दाट!

पार्वतीबाई दोन शेतांमधल्या धुऱ्यावर येऊन उभी. "दगा देल्ला वं मीरे!"

"नाही वं माय! म्या तं मारलं होतं त्याले."

"मेलेलं असं उगवते? कंपनीचा चहा गोड लागला असंन तुले!"

तेवढ्यात कंपनीचा माणूस पियूष मोटारसायकलवर आला. शेत पाहून हरखला. "वा आजी! म्हणजे माती चांगलीच आहे की. मग बाकीच्यांनी बियाचं काय केलं? तुम्ही काय केलं होतं, सांगा बरं."

मीराबाईनं मनात हिशेब मांडला. खरं सांगावं तर अख्ख्या गावाची शेतं जाणार. गप्प राहावं तर नीळ उभी राहणार, विहीर आटणार, आणि पार्वती जन्मभर तोंड पाहणार नाही.

ती गोठ्याकडे वळली. बैल सोडले, वखर जुंपला आणि थेट त्या हिरव्या पानांवर घातला. कासरा हातातून सुटू पाहत होता.

"अहो आजी, शेत जाईल तुमचं!" पियूष ओरडला आणि त्यानं फोन कानाला लावला.

"जाईन तं माह्यं एकटीचं जाईन," ती म्हणाली, पण आवाज इतका बारीक निघाला की बैलांनीच ऐकला असेल.

वखराचं पहिलं तास वाकडं गेलं. पार्वतीबाई धुऱ्यावरून उतरली, पुढे झाली आणि बैलाची वेसण धरली. "सरळ घे वं," म्हणाली. आणि बैलांपुढे चालू लागली.