आई आणि कार्टूनमधला सरदार

कुंभारी गावातल्या आमच्या घरात आई मांडीवर सूप घेऊन टीव्हीसमोर विड्या वळायची. शेजारी बसून मी माझं लाडकं कार्टून बघायचो. त्यात एक मुलगी पुरुषाच्या वेशात सैन्यात जाते आणि सरदाराचा त्या ‘पोरावर’ जीव जडतो. मला तो सरदार का आवडायचा, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

परवा टीव्हीवर त्याच गोष्टीचा नवा सिनेमा लागला. ह्यात मात्र तो ‘पोरगा’ मुलगी आहे हे कळल्यावरच सरदार प्रेमात पडतो. मी चिडलो. शेजारी विड्या वळणाऱ्या आईचे हात थांबले.

“बिगाडला की त्याला! जुन्यात त्याला पोरगाच आवडला हुता. तुज्यावानी हुता त्यो.”

आणि ती पुन्हा विडीला दोरा गुंडाळू लागली. इतकी वर्षं मला वाटत होतं, तिचं लक्ष विड्यांत आहे.