खडूनं लिहिलेलं ओके

वर्ध्याच्या स्टेशनवर बाबांनी माझी ट्रंक डब्यात चढवली आणि म्हणाले, "मामाच्या शब्दाबाहेर जाऊ नको, शांते." गाडी हलली तरी तेच सांगून राहिले होते. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली. आईचा भाऊ जबलपूरच्या एका दारूगोळ्याच्या फॅक्टरीत टर्नर होता, मशीनवर धातू कातायचा. एकाहत्तरची लढाई तोंडावर आलेली, माणसं कमी पडत होती, म्हणून त्यानं शब्द टाकून मला टेंपररी लावलं आणि आपल्याच घरी ठेवून घेतलं. नाही जमलं तर परत यायचं आणि बघून ठेवलेल्या मुलाशी लग्न करायचं. मुलगा काही वाईट नव्हता हो, पण मला परत जायचं नव्हतं.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही आता दिवसातून पन्नासदा ओके म्हणता. माझी नातवंडं जेवायला बोलावलं तरी ओके, रागावलं तरी ओके. म्हणा बापडे! पण कोणी नव्या गावी, नव्या नोकरीवर निघालं असेल तर या म्हातारीचं जरा ऐका. हा शब्द मला फुकटात मिळाला नाही.

माझं काम तपासणीचं. मशीनवर कातलेले पितळी भाग ट्रेमधून माझ्या टेबलावर यायचे. एकेक उचलायचा, गेज लावायचं, मापात आहे की नाही पाहायचं. सगळा ट्रे नीट निघाला की त्यावर खडूनं ओके लिहायचं आणि खाली आपला नंबर. माझा एकवीस. आमचे हेड शुक्लाजी पहिल्याच दिवशी म्हणाले, "बेटी, ओके का मतलब है, मैंने खुद देखा." मी मान डोलावली. अच्छा जी, त्यात काय एवढं!

लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले, शिफ्ट लांबल्या. एका दुपारी मामा स्वतःच आपल्या मशीनवरचा ट्रे घेऊन आला. "आटप पोरी, ट्रॉली थांबून राहिली." मी खडू उचलला. ओके लिहिलं, एकवीस लिहिलं. गेजला हातही लावला नाही. मामा भाजी घेऊन घरी आला तर मामी कधी ती तोलून पाहते का? आपल्या माणसाच्या हातचं तपासणं म्हणजे त्याचा अपमान, हे आम्ही गावाकडून डोक्यात भरूनच आणलं होतं.

ट्रॉली दारापर्यंत गेली तेव्हा माझी नजर त्या ओकेवर गेली. तिकडे सरहद्दीवर ज्याच्या हातात हे पडेल त्याला माझा मामा काय माहीत? त्याच्या लेखी मी पाहिलं होतं, आणि मी तर पाहिलंच नव्हतं. मी धावले. "भैया, रुको!" ट्रे खाली उतरवला, फरशीवरच बसले आणि एकेकाला गेज लावलं. सात मापात बसेनात. खूप वाईट वाटलं, आणि स्वतःचा संतापही आला.

तशीच ट्रे घेऊन शुक्लाजींसमोर जाऊन उभी राहिले. "मैंने बिना देखे लिखा था." त्यांनी खडू माझ्यापुढं केला. "अब क्या लिखोगी?" मी ओके पुसलं आणि मामाच्या डोळ्यांदेखत त्याच्या ट्रेवर रिजेक्ट लिहिलं. सगळी माणसं मशीन सोडून बघून राहिली होती. वीस वर्षांपासूनचा जुना टर्नर, आणि त्याला भाचीनं नापास केलं! मामानं ट्रे उचलला आणि आपल्या मशीनकडे गेला. माझ्या नावावर शेरा पडला. नोकरी राहते की जाते, ते साहेब ठरवणार होते.

नोकरी राहिली. पुढं तीस वर्षं मी तिथंच गेज लावलं. पोरं इथंच वाढली, मी मराठीत ओरडते, ती हिंदीत उत्तर देतात. वर्ध्याला गेले की नातेवाईक विचारतात, "काहो शांताबाई, आता घराकडे परत काहून येत नाही?" मी सांगते, माझं घर जबलपूरलाच आहे, आणि नोकरी पक्की व्हायच्या आधीपासून आहे. रिजेक्ट लिहिलं त्याच संध्याकाळी मी कपडे भरायला घेतले होते. मामाचं नाक कापून त्याच्याच घरी कसं राहायचं? मामीनं नेहमीसारखी ताटं वाढली. मामा पाटावर बसला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "जेवून घे. उद्या पहिला ट्रे माझाच आहे. गेज लावून पाहजो."