डीट्सचे हात

जर्मनीतल्या माइन नदीकाठच्या आमच्या गावात फोल्कमार डीट्सला सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात, आणि तो डॉक्टर झाला नाही म्हणूनच म्हणतात. नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर तो पाणी तपासतो. “काय डॉक्टर, पाण्याची नाडी काय म्हणतेय?” असं तिकीटवाली विचारते, आणि तो नुसती मान हलवतो. दुसऱ्याच्या दुखऱ्या जागी बोट घालायची आमच्या गावाला भारी हौस.

तरुणपणी तो विद्यापीठात डॉक्टरेट करत होता. प्लास्टिकच्या तीन जातींच्या लांब साखळ्या घ्यायच्या आणि टोकाला एकाच गाठीत बांधून तीन फांद्यांचा तारा करायचा, हे त्याचं काम. तिघींचं आपसात मुळीच पटत नाही, पण गाठ काही सुटत नाही. मग असे अब्जावधी तारे एकत्र आले की प्रत्येक जात आपापला कोपरा धरते आणि आपोआप नक्षी उमटते, केसाच्या जाडीपेक्षा हजारपट बारीक. फांद्या किती, केवढ्या, यावर नक्षी ठरते.

प्राध्यापक आलफेल्ड यांनी स्वतः असा तारा करून फरशीसारखी देखणी नक्षी मिळवली होती. त्यावरच त्यांचं नाव झालं. डीट्सनं तोच तारा पुन्हा करून दाखवायचा होता. ओलसर हवेचा एक श्वास नळीत गेला तरी साखळी मरते, पुढे वाढतच नाही, म्हणून पोरगा काचेच्या नळ्यांपाशी जीव मुठीत धरून बसायचा. तरी प्रत्येक वेळी नक्षीऐवजी साधे पट्टे. पदवी मिळाली की दोस्त पुठ्ठ्याची टोपी करून डोक्यावर चढवतात. त्याची टोपी अर्धी चिकटवून झालीही होती. एके दिवशी आलफेल्ड सगळ्यांसमोर म्हणाले, “डीट्स, तुझे हात रसायनाचे नाहीत. लाकडं फोड.”

त्यानं ते खरं मानलं आणि डॉक्टरेट सोडली. खरं मानलं हीच त्याची चूक म्हणायची, पण एवढ्या मोठ्या माणसाचं बोलणं खोटं मानायचं कसं? मुलगी झाली तेव्हा नर्सनं बाळ पुढे केलं, आणि यानं हात खिशात घातले. “माझ्या हातांचं काही खरं नाही. ॲनेग्रेट, तूच घे.” बायको बिचारी हसली. पुढे पुढे हसेना. मुलगी वीबके शाळेत जायच्या आधीच ॲनेग्रेट तिला घेऊन कासेलला माहेरी गेली.

यंदा मार्चमध्ये विद्यापीठातली एक संशोधक, स्वेया, तलावावर आली. आलफेल्ड वारले होते. त्यांच्या बाटलीच्या तळाशी उरलेली चिमूटभर भुकटी तिनं नव्या यंत्रात घातली होती.

“त्यात पाचातल्या एका ताऱ्याची एक फांदी तुटलेली आहे,” ती म्हणाली. “ते तुटके तारे मधल्या फटी भरतात, म्हणून ती नक्षी. निर्भेळ ताऱ्याचे पट्टेच होतात. तळघरात तुमच्या कुप्या सापडल्या. इतकं स्वच्छ काम मी कुणाचं पाहिलं नाही.”

डीट्स बाकावर बसला. “आलफेल्डना कळलं होतं?”

“नाही. त्यांनी आपली भुकटी कधी तपासलीच नाही.”

“का?”

“नक्षी इतकी सुरेख होती की गरज वाटली नसावी.” ती जरा ओशाळली. “अहो, तुम्हाला आनंद व्हायला हवा.”

“पोरी, हात वाईट होते तोवर सगळ्याला कारण होतं,” तो म्हणाला. “आता कारणच राहिलं नाही.”

ती गेल्यावर त्यानं कासेलला फोन लावला. वीबकेला त्यानं सगळं सांगितलं: तारे, तुटकी फांदी, आलफेल्ड, आणि तिला त्यानं का घेतलं नव्हतं ते.

“तिशी उलटली माझी, बाबा,” शेवटी ती म्हणाली. “आता काय उचलून घेणार आहात?”

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिनं प्रकृतीची चौकशी केली, त्यानं बरी आहे म्हणून सांगितलं, आणि फोन ठेवला.