न्हाईत ती हरणं

आमच्या माळावर एकबी हरण ऱ्हायलं न्हाय, सगळी लांडग्यांनी खाल्ली, असं माजं सासरे म्हणत्यात. आन् ही न्हाईत ती हरणं रोज सकाळी सात वाजता येऊन आमची ज्वारी खात्यात.

तीसेक असतील. म्होरं एक काळवीट, पीळदार शिंगांचं. चालतंय असं की सातबारा त्याच्याच नावावर हाय आन् मी कूळ! माजं रान सोलापुरापासनं बार्शी रस्त्याला, माळाला लागून, तीन एकर. रस्त्याकडंला माजं पंक्चरचं दुकान. शाळा म्हणाल तर चौथीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा मास्तरांनीच हात जोडलं.

गेल्या साली ह्या हरणांनी पार धाटं ठेवली. वरीसभर आमी इकतचा गहू खाल्ला. सोलापूरच्या माणसाला वरीसभर चपाती म्हंजे जेवण न्हवं, शिक्षा हाय. माजी बायको शालन ताटात चपाती अशी टाकायची, जशी तलाठी नोटीस टाकतो. ह्या साली ज्वारी हुरड्याला आली तशी ती मला एकदाच म्हणली, आन् तेबी भांडी घासत, वर न बघता.

"हावंदा ज्वारी घरात आली न्हाय, तर तुमची भाकरी तुमी बघा."

मला भाकरी थापता येत न्हाय. (एकदा थापली हुती. कुत्र्यानं हुंगली आन् माज्याकडं बघून शेपूट हलवली, पण खाल्ली न्हाय.) म्हणून मी राखणीला बसतो म्हणलो. शालन म्हणली, तुमी बसत न्हाय, झोपता. आन् तिनं माहेरी केमला फोन लावून आपल्या बापाला बोलावून घेतलं.

माजं सासरे, गेनबा मामा. वय अठ्ठ्याहत्तर. शिकारीवर बंदी यायच्या आधी करमाळा तालुक्यात त्यांचं लई नाव. बंदूक कवाच जमा झाली, पण मिशा कुणी जमा करून घेतल्या न्हाईत. स्टेशनवर गाडीतनं उतरले तेच कमरंला गोफण गुंडाळून, जसं काय फलाटावरच कळप उभा हाय. आन् घरात पाय टाकायच्या आत निकाल दिला.

"पाव्हणं, हरणं कुटली आल्यात आता? लांडग्यांनी संपवली. तुमची ज्वारी शेरडं खात्यात. तुमी झोपता, आन् शेरडं खात्यात."

जावयाला मान द्यायची आमच्यात रीत हाय. मामा मला कधी अरे-तुरे करत न्हाईत. 'पाव्हणं' म्हणत्यात, 'तुमी' म्हणत्यात, आन् मंग खेटर हाणत्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मचाणावर, मी खाली. सातला कळप आला. मी हात लांब करून दावला, "मामा, त्यो बघा!" मामांनी कपाळावर हात धरला, मिशी वळवली आन् शांतपणी म्हणले, "शेरडं हायत." म्हणलं, शेरडाला एवढी शिंगं? म्हणले, हितली शेरडं माजलेली दिसत्यात. मी मोबाईलमधी फोटू काढून त्यांच्या नाकापुढं धरला. तर म्हणले, मोबाईलमधी काय बी दावत्यात. नातवानं परवा वाघ दावला, म्हणला त्यो लुंगी नेसून नाचतोय.

आता सांगा, एवढी वर्षं पंक्चर काढतोय मी, बारीक भोक पाण्यात बुडवून हुडकतो. पण हितं बैलगाडी जाईल एवढं भोक समोर हुतं, ते मला दिसलं न्हाय. मचाणाच्या खांबाला माजा सदरा टांगला हुता. मामा सकाळी त्याला म्हणायचं, "पाव्हणं, उठा, उनं आली." मला वाटलं, टोमणा हाय. मी सदऱ्याच्या वतीनं रागावलो!

त्यात आला हणमंतप्पा. हा मूळचा कानडी मुलखाच्या शिवंवरच्या मैंदर्गीचा, मामांचा शिकारीतला जुना जोडीदार. आता लेकीकडं आमच्याच गावात ऱ्हातो. मराठी बोलतो, पण कानडीत विचार करून. त्याचं म्हणणं बरोबर उलटं. लांडगं कमी झालं म्हणून हरणं वाढली. माळावर प्लॉट पडलं, गाड्या आल्या, कुत्री वाढली, लांडग्यानं जायाचं कुटं? लांडगा मागं असला की हरण एका जागी उभं ऱ्हात न्हाय, दोन घास खातंय आन् फुडं पळतंय. आता भ्याच न्हाय, म्हणून पंगत बसल्यागत बसून खात्यात.

दोघं मचाणाखाली बसून सकाळपासनं लांडग्याची उणीदुणी काढायचं. एक म्हणायचा, लांडगा एका रातीत पाच पाडतो. दुसरा म्हणायचा, इल्ला, महिन्यात एक. ह्यो वाद चालू असताना दोघांची पाठ रानाकडं! आन् त्यांच्या पाठीमागं लांडग्यांनी खाल्लेली तीस हरणं माजी ज्वारी खाऊन ढेकरा देत हुती. चहा मात्र मी पोचवायचा. गावातबी दोन तट पडलं. लांडगा ज्यानं कवा बघितला न्हाय, त्योच जास्त ठाम.

एक दिवस हणमंतप्पानं मामांना कोपऱ्यात घेतलं.

"गेनबा, लांडगा म्हातारं-लंगडं बघून खातो रे. आपण काय खाल्लो? छातीचा नर बघून खाल्लो. मग संपवला कोण?"

"लांडग्यानं."

"मग शिंगं तुझ्या भिंतीवर कशाला होती? लांडग्याला भिंत असतंय काय?"

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. मंग माज्याकडं बघून (म्हंजे माज्या सदऱ्याकडं बघून) म्हणले, "पाव्हणं, चहात साखर कमी हाय."

इकडं चार ओळी आणखी गेल्या. शालन बांधावर आली, धाटं बघितली, आन् न बोलता परत गेली. ती बोलली असती तर मला आराम वाटला असता. मामांना म्हणलं, निदान गोफणीचा आवाज तरी काढा, कायद्यानं हरणाला दगड मारायचा न्हाय, पण बार ऐकून तरी पळतील. मामा म्हणले, जे न्हाय त्याच्यावर मी गोफण फिरवणार न्हाय, लोक येडं म्हणतील.

मंग माज्या डोक्यात एक विचार आला. माज्या डोक्यात विचार आला की शालन पदर खोचते, कारण पुढचं निस्तरायचं काम तिचंच असतंय.

पूर्वीचं शिकारी हरणाजवळ कसं जायचं, ते मामांनीच सांगितलं हुतं. बैलाच्या आडनं. हरण माणसाला भितं, बैलाला न्हाय. बैल चरत चरत पुढं, शिकारी त्याच्या कुशीला चिकटून वाकून, आन् असं करत पार वीस पावलांवर. म्हणलं, मामांना बैलाच्या आडनं कळपाच्या तोंडाशी नेऊन उभं करायचं. तितं कसं म्हणतील, शेरडं हायत?

आमच्या बैलाचं नाव इंजान. एकदा सुटला की पुढचं स्टेशन येईस्तवर थांबत न्हाय, म्हणून. हणमंतप्पा पंच झाला, मचाणाजवळ उभा ऱ्हायला. मामांना पन्नास वर्षांनी बैलाची आड मिळाली, तर त्यांची कंबरच सरळ झाली. एका हातात कासरा, दुसऱ्या हातात गोफण, तोंडात एक शब्द न्हाय. मी पलीकडच्या बाजूनं ज्वारीत शिरलो, कळप तिकडनं निसटू नये म्हणून. पौषातली थंडी, म्हणून अंगावर करडं घोंगडं, डोक्याला कानटोपी. कानटोपीची दोन्ही टोकं वर बांधलेली. आन् हरणांनी बघू नये म्हणून चार पायांवर.

आता तुमाला कळलं असंल. मला तवा कळलं न्हाय.

मामा खरंच शिकारी, ह्यात वाद न्हाय. इंजान एक घास खायचा, एक पाऊल टाकायचा. मामा त्याच्या सावलीगत. चाळीस पावलं. तीस. वीस. काळविटानं मान वर केली, बैलाकडं बघितलं आन् परत खाली घातली. मी धाटांमधनं बघतोय. मामांनी बैलाच्या पाठीवरनं डोकं वर काढलं. समोर तीस हरणं. मामांची नजर त्यांच्यावरनं अशी गेली, जशी बसवाल्याची आपल्यावरनं जाते, स्टॉपवर हात केला तरी.

तेवढ्यात माज्या गुडघ्याखाली एक धाट कडकन मोडलं, आन् ती नजर माज्यावर येऊन थांबली.

"लांडगा!"

मी मागं वळून बघितलं, कुटं हाय लांडगा म्हणून. (ह्यो माजा जन्माचा सोभाव हाय.) तेवढ्यात डोक्यावर गोफण घोंगावली आन् दगड आला. मी वळलेला असल्यामुळं त्याला बसायला ऐसपैस जागा हुती.

मी वरडलो. लांडग्याची शपथ, लांडगाबी तसा वरडला नसता. इंजानानं ते ऐकलं आन् मामांच्या हातातनं कासरा हिसकावून ज्वारीच्या ह्या टोकाकडनं त्या टोकाकडं सुटला. तिकडं स्टेशन न्हवतं, म्हणून परत आला. गावात 'लांडगा, लांडगा' पोचलं. काठ्या घेऊन माणसं आली, माणसांमागं कुत्री आली, कुत्र्यांमागं पोरं आली, आन् सगळी ज्वारीतनं आली. मी हात वर करून उठायला लागलो की कोणतरी म्हणायचं, दोन पायांवर उठलंय, पिसाळलेलं दिसतंय! म्हणून मी परत खाली बसायचो. हरणं मात्र शहाणी. ती बांधावर जाऊन वळीनं उभी ऱ्हायली आन् तमाशा बघत बसली.

शेवटी शालननं मला आवाजावरनं वळखलं. म्हणली, मारू नका, ते आमचंच हाय.

मामांना ह्यातलं काय ऐकू गेलं न्हाय. ते छाती काढून उभं. "बघितलं? लांडगा हितंच हुता. मी म्हणत हुतो, हरणं असायची कशी?" आन् हे म्हणताना हरणं त्यांच्या पाठीमागं बांधावर, दगड टाकला तर लागंल एवढ्यावर.

कोण हसलं न्हाय. हणमंतप्पा हळूच त्यांच्या समोर गेला आन् हात वर केला.

"गेनबा, किती हे?"

"किती काय?"

"बोटं."

मामांनी मान पुढं काढली. म्हणले, "तीन."

हणमंतप्पाची मूठ झाकलेली हुती.

मामा बांधावर बसले. गोफण मांडीवर ठेवली, तिची गाठ उगंच सोडली, परत बांधली. मंग जमिनीकडं बघत म्हणले, "धा वर्षं झाली की रं हणमा. आधी लांब गेली. मंग धुरकट झाली. मंग एक दिवस न्हाईतच. मला वाटलं, लांडग्यानं खाल्ली."

हणमंतप्पानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी माजा हात ठेवला हुता तिथंच ठेवला, मागं.

पुढच्याच आठवड्यात त्यांना सोलापुरात डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. डाक्टर म्हणला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेला, एवढं दिवस चालत कसं हुते? म्हणलं, अंदाजानं, आन् अंदाज चुकला की लांडग्यावर ढकलून. आधी एक डोळा केला, मंग दुसरा. तवर राखण माज्याकडं आली, आन् मी कसा राखतो ते तुमाला ठावं हाय.

मामा काळा चष्मा लावून परत आले, तवा निम्मी ज्वारी उभी हुती. सकाळी त्यांना मचाणावर चढवलं. हणमंतप्पाबी आला. सातला कळप आला. मामांनी काळा चष्मा काढला. ओठ हालत हुते, मोजत असतील. मंग खाकरून म्हणले, "लांडगं कमी झाल्यात वाटतं."

हणमंतप्पानं एवढ्या दिवसांचा वाद जिंकला हुता. पण त्यो नुसता तंबाखू मळत बसला.

मी म्हणलो, आता काळजी मिटली. हिंदुस्थानातला एक नंबरचा नेम आन् त्याला नवं डोळं! गोफण मामांच्या हातात दिली. "मामा, काढा बार. निम्मी तरी वाचू द्या."

"थांबा की पाव्हणं," मामा म्हणले. "आत्ताच आल्यात."

दुसऱ्या दिवशीबी आत्ताच आल्यात. तिसऱ्या दिवशी एक पाडस आईच्या मागं मागं उड्या मारत आलं, तवा तर त्यांनी मला खोकायचीबी बंदी केली. धा वर्षांची भेट हाय, पोटभर बघू द्या, म्हणले. त्यांचं डोळं भरत हुतं, हरणांचं पोट भरत हुतं, आन् माज्या डोळ्यांपुढं चपाती दिसत हुती.

चौथ्या दिवशी मी कानटोपी घातली, घोंगडं पांघरलं आन् म्हणलं, आपणच हाकलावी. खाली वाकून ज्वारीत शिरलो. कळपाच्या पार जवळ पोचलो, आता उठून वरडणार, तेवढ्यात वरनं घोंगावल्याचा आवाज आला आन् दगड बरोब्बर मागच्याच जागी बसला.

"मामा, मी हाय! लांडगा न्हाय!"

मचाणावरनं शांत आवाज आला, "दिसतंय की, पाव्हणं."