रडणाऱ्यांचा मुकादम

पॅरिसच्या थिएटरात टाळी आपोआप पडते असं कुणाला वाटत असेल, तर तो भोळा सांब! एव्हारिस्त ब्रिकारची पगारी टोळी मग कशाला होती? प्रेक्षकांत पांगून बसायचं. ब्रिकारनं टोपी काढली की टाळ्या, नाक पुसलं की हुंदके. रडण्यात फिलोमेनबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि ब्रिकार? दुसऱ्यांना रडवता रडवता हा बाबा आधी स्वतःच विरघळायचा.

त्या वर्षी मालकानं विज्ञानाचं नाटक आणलं, देवीच्या लशीचं. खेळ संपला की बाहेर खरा डॉक्टर फुकट लस टोचणार. ब्रिकार हरखला. पलीकडच्या गल्लीत देवी आल्या होत्या, आणि त्याची लेक लिओनी तान्ह्या मार्तला टोचून घ्यायला काही केल्या तयार नव्हती. नाटक बघून तरी ऐकेल!

रंगमंचावर डॉक्टरनं पोराच्या दंडाला पातं लावलं. लेकरापाशी पातं आलं की रडवायचं, हा धंद्याचा नेम. ब्रिकारनं नाक पुसलं. फिलोमेनबाईनं असा टाहो फोडला की अख्खं थिएटर हमसून रडलं. बाहेर डॉक्टरच्या टेबलाशी मात्र चिटपाखरू फिरकलं नाही. लिओनी तर मार्तला छातीशी धरून पळालीच.

"शंभर बाया रडत होत्या, बाबा! आणि मी पोरीला टोचू?"

"अगं वेडे, ती माझीच माणसं!"

"मग माझं रडूही खोटंच का?"

ब्रिकारचा चेहरा पडला. आपल्याच हातांनी आपण नातीच्या पायावर धोंडा पाडला! तो तडक फिलोमेनबाईकडे गेला.

"उद्या पात्यापाशी मी टोपी काढली की टाळ्या नाहीत, हसायचं."

"हसू? लेकराला कापताना? लाज आहे का काही?"

"ओरखडा आहे गं तो! माझ्या मार्तसाठी हस."

दुसऱ्या दिवशी लिओनीला त्यानं हातापाया पडून पुन्हा आणलं. पातं लागलं, मंचावरच्या पोरानं विचारलं, "झालं एवढ्यात?" ब्रिकारनं टोपी काढली. फिलोमेनबाई खिदळली, आणि थिएटर खो खो हसलं. लिओनीही हसली.

बाहेर टेबलाशी रांग लागली. लिओनीनं मार्तची बाही वर केली. पोरीनं भोकाड पसरलं, तशी मागून कुणीतरी हुंदका दिला.

"बाई, गप! लोक पळतील," ब्रिकार खेकसला.

"मी कुठं रडतेय?" फिलोमेनबाईनं आपला रुमाल त्याच्या हातात कोंबला. "आधी स्वतःचं नाक पुसा."