मधोमध उभा काटा

आमच्या पिकअपच्या डॅशबोर्डवर तीन काटे आहेत. तिन्ही कंपनीतूनच बसून आलेले, आणि तिघांवरही विश्वास ठेवायची सोय नाही.

वेगाचा काटा बढाईखोर आहे. तो साठ दाखवतो तेव्हा मोबाईलचा नकाशा पंचावन्नच्या आसपास म्हणतो. डिझेलचा काटा चढावर एक सांगतो आणि उतारावर दुसरंच. शिवाय टाकी अर्ध्यावर येईपर्यंत रमतगमत चालतो आणि तिथून पुढे भराभर खाली येतो. मी डिझेल भरल्याचे किलोमीटर लिहून ठेवते, त्यामुळे या दोघांचं आमच्या घरात फार चालत नाही. तिसरा इंजिनच्या गरमीचा. हा सगळ्यांत शांत. गाडी सुरू केली की थोड्या वेळात मधोमध येऊन उभा राहतो तो मग हलत नाही. बाळापूरच्या बाजारातल्या गर्दीत अडकलो तरी मधोमध, मे महिन्यात चढ चढलो तरी मधोमध. निघताना मी त्याच्याकडे बघायचे आणि यादीत ‘इंजिन ठीक’ अशी खूण करायचे.

आमचा धंदा लग्नाची भांडी भाड्याने देण्याचा. आखाडा बाळापूरला गोडाऊन आहे. मोठाले गंज, कढया, पराती, ताटं, गॅसच्या भट्ट्या, पाण्याचे ड्रम असं सगळं. गाडी हे चालवतात, हिशेब आणि मोजदाद माझी. लागला तर आचारीही आम्हीच देतो. आमचे महाराज बुंदीसाठी नावाजलेले आहेत, असं निदान ते स्वतः सांगतात.

त्या उन्हाळ्यात पुसेगावच्या पुढच्या एका तांड्यावरून लग्नाची ऑर्डर आली. तिकडची लग्नं एरवी सेनगावच्या भांड्यांवर होतात. नवरीच्या आईने मात्र आमची भांडी एका लग्नात पाहिली होती. घासूनपुसून चकचकीत, एकाही ताटाला पोचा नाही. तिने भावकीचं न ऐकता आम्हाला सांगितलं. फोनवर एवढंच म्हणाली, “ताई, मी समद्यांच्या तोंडावर तुमचं नाव घेतलंय. बुंदी दुपारच्या जेवणात पायजे. दहाच्या आत या.”

“नऊलाच येतो,” मी म्हणाले.

सकाळी वेळेवर निघालो. गाडी हे चालवत होते, मध्ये महाराज आणि खिडकीला मी. हिंगोली ओलांडून पुसेगावच्या रस्त्याला लागलो आणि महाराजांनी नाक वर केलं.

“पाक लागला कुणाचा तरी,” ते म्हणाले.

“कुठं?” यांनी विचारलं.

“वास न्हाई येऊन राहिला का तुमाला? साखर करपली. इथं जवळच लगीन असल. आचारी नवा दिसतो.”

वास मलाही आला, गोडसर आणि जळका. आम्ही तिघांनी दोन्हीकडच्या शेतांत मांडव शोधला. तुरीची धसकटं, एक बोअर, चार म्हशी. मांडव काही दिसेना. वास मात्र आमच्याबरोबरच येत होता.

“मोठं लगीन दिसतंय,” महाराज म्हणाले. “दोन किलोमीटर वास यायचा म्हणजे पाच पोत्यांचा पाक असल. समदा वाया घालवला गाढवानं!”

हे हळूच म्हणाले, “अगं, गाडी जरा जड चालल्यासारखी वाटते.”

मी काट्याकडे पाहिलं. मधोमध. “काटा ठीक आहे. चला तुम्ही.”

थोडं पुढे गेल्यावर गाडी ओढेचना. बॉनेटच्या फटीतून वाफ आली. यांनी गाडी बाभळीच्या सावलीला घेतली आणि इंजिन बंद केलं. इंजिन बंद करेपर्यंत काटा मधोमधच होता.

बॉनेट उघडलं तसा तो वास एकदम अंगावर आला. महाराजांनी आत डोकावून पाहिलं.

“हाच का पाक?”

“हाच,” हे म्हणाले. “कूलंट, इंजिन गार ठेवणारं पाणी. तापलं की असाच गोडसर वास येतो. सगळं वाहून गेलंय. गरम आहे, हात लावू नका. निवलं की पाणी घालून बघू. पाणी आणा.”

मी मागे गेले. गाडीत एका लग्नाला पुरेल एवढं पाण्याचं सामान होतं. सहा ड्रम, बादल्या, जग, शेकड्यांनी पेले. सगळं धुऊन, कोरडं करून, पालथं घातलेलं. पाणी एका बाटलीत, तेही अर्धं. महाराजांनी ते तेवढ्यात पिऊन टाकलं होतं.

“मला काय म्हाईत गाडीला तहान लागली ती!” ते म्हणाले.

हसायला मला दुसऱ्या दिवशी सुचलं. त्या क्षणी मला फक्त नवरीची आई दिसत होती. भावकीच्या घोळक्यात उभी, आणि सगळे तिला विचारतायत, कुठं आहेत तुझी चकचकीत भांडी? मी फोन लावला.

“कुठपर्यंत आल्या?”

मी खरं ते सांगितलं. मग ती म्हणाली, “जागा सांगा. मामाला धाडते.”

नवरीचा मामा ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आला. सोबत आठ-दहा पाहुणे, कपड्यांवर हळद तशीच. त्यांनी लगेच रांग लावली आणि गंज एका हातातून दुसऱ्या हातात जायला लागले. मी कागद-पेन घेऊन ट्रॉलीपाशी उभी राहिले.

“ताई, काय करून राहिल्या?” मामाने विचारलं.

“मोजते आहे.”

“मोजणं मांडवात होईल. आता कढई धरा.”

मी कढई धरली. माझी भांडी न मोजता एका गाडीतून दुसरीकडे गेली ती त्या दिवशी पहिल्यांदा. हे गाडीपाशी थांबले, पुसेगावहून मेकॅनिक यायचा होता. महाराज आणि मी ट्रॉलीत चढलो. मी मामाला विचारलं, “तुमच्या ट्रॅक्टरचा गरमीचा काटा बरोबर आहे ना?”

“काटे हायेत कुठं?” तो मोठ्याने हसला. “समदे बंद. म्हणून तर रोज सकाळी मी सोता पाणी बघतो.”

तांड्यावर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. मी मान खाली घालूनच उतरले. पण नवरीची आई वाट बघत बसली नव्हती. घरातल्या सगळ्यांत मोठ्या पातेल्यात तिने चुलीवर पाक चढवला होता आणि दोन जावा बेसन भिजवत होत्या. महाराज धावतच चुलीपाशी गेले. झाऱ्याने पाक उचलला, बोटावर घेऊन तार पाहिली, मग नाकाशी नेऊन वास घेतला. बराच वेळ घेतला.

“लागला न्हाई,” ते म्हणाले.

“काहून लागंल?” नवरीची आई फणकारली. “तुमच्या गाडीवानी न बघता सोडून देतो व्हय आमी?”

जावा हसून लोटपोट झाल्या. महाराजांनी भट्टी पेटवली, कढई चढवली आणि भराभर घाणे काढायला सुरुवात केली. अक्षता पडल्या आणि पहिली पंगत बसली तेव्हा बुंदी पानात होती.

दुपारी हे गाडी घेऊन आले. मेकॅनिकने सांगितलेलं त्यांनी मला सांगितलं. रबरी पाईप तडकला होता. काट्याची तार ज्या टोकाला जोडलेली असते ते टोक पाण्यात बुडलेलं असावं लागतं, तरच त्याला पाण्याची गरमी कळते. पाणीच निघून गेल्यावर ते कोरडं पडलं, आणि काटा आपला जागच्या जागी उभा राहिला.

निघताना सगळी भांडी मोजली. एक वाटी कमी नव्हती, उलट एक पळी जास्त निघाली. नवरीची आई पैसे द्यायला आली तेव्हा मी माफी मागायला लागले. तिने मला मध्येच थांबवलं.

“भांडी येळेवर न्हाई आली, पण तुमी खोटं न्हाई बोलल्या. गाडी येऊनच राहिली, असं म्हणल्या असत्या तर मी बसून राहिले असते.” मग तिने पोरींना हाक मारून आमचा एक ड्रम हापशावर काठोकाठ भरून घेतला आणि गाडीत चढवायला लावला. “एवढं पाणी घरूनच आणत जा.”

तो ड्रम आता प्रत्येक फेरीला भरलेला असतो. यादीत ‘इंजिन ठीक’ ही ओळ गेली. तिथे ‘बॉनेट उघडून पाणी पाहिलं’ असं आहे.

यंदा त्याच तांड्यावरून दोन लग्नांच्या ऑर्डरी आल्या. पहिल्या लग्नाला जाताना, पुसेगावच्या रस्त्यावर, महाराजांनी पुन्हा नाक वर केलं.

“पाक लागला.”

यांनी गाडी तिथेच थांबवली. काट्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. बॉनेट उघडलं, पाणी पुरेपूर होतं, पाईप कोरडे होते. आम्ही चक्रावून पुढे निघालो. वळण घेतलं तर डाव्या हाताला मांडव. कडेला एक आचारी काळ्या पडलेल्या कढईपुढे डोकं धरून बसलेला.

“थांबवा, थांबवा!” महाराज ओरडले. एवढ्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

थांबलो नाही. तांड्यावर नऊला पोचायचं होतं.