ढेकीखाली न आलेलं बोट

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही — ते शेवटच्या आजारात माझा हात धरून होते, तेव्हाही नाही.

तुमच्या आईचं उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं आहे. ढेकीखाली सापडलं, असं तिने तुम्हाला सांगितलं असेल. ढेकी म्हणजे पायाने दाबून धान कांडायचं लाकडी यंत्र; आमगावच्या घरी मागच्या पडवीत होतं. मी नीट, क्रमाने लिहिणारी बाई — आणि बघा, आधी ढेकीकडेच वळले.

ती नऊ वर्षांची होती. मी नागपूरला इंग्रजीतून शिकून आलेली. भागाकार नुसता घोकायचा नाही, डोळ्यांना दिसला पाहिजे, हा माझा हट्ट. अंगणात खडूने दोन बांध्या आखल्या, धानाच्या शेताचे तुकडे — एक पूर्ण, एक पाऊण. रोपांच्या एका जुडीत अर्धी बांधी रोवून होते, तर या पावणेदोन बांध्यांना जुड्या किती? तिने अर्धे अर्धे भाग पाडले. तीन झाले. उरलेल्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा पाव. सव्वातीन."

पाव बांधीला अर्धी जुडी लागते — म्हणजे साडेतीन. मी समजावलं. पुन्हा समजावलं.

"पण आई, पाव तं दिसून राहिला ना."

हातात शिसवी पट्टी होती. पाठीवर मारली. मग दंडावर. ती रडेना — त्याचाच राग आला का? बोट त्या तुकड्यावरून हलेना. मी पट्टी आडवी न धरता तिची धार खाली केली आणि त्या बोटावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज आला. तो ऐकला — आणि पुन्हा हाणली. पहिला फटका रागाचा होता. दुसरा कशाचा होता?

आजोबा घरी आले तेव्हा मी म्हणाले, बोट ढेकीखाली आलं. तिलाही तेच पढवलं होतं. त्यांनी धान कांडणाऱ्या सुभद्राला बोलावलं.

"पोरगी तं ढेकीजवळ आलीच नव्हती, बाई," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "मी खोटं कायले बोलू?"

तुमच्या आईनेही माझ्याकडे पाहिलं.

"आली होती, मावशी," ती म्हणाली.

आजोबांनी सुभद्राला त्याच दिवशी कामावरून काढलं. तिची चूल आमच्या ढेकीवर पेटायची, हे मला ठाऊक होतं — तरी मी खरं सांगितलं नाही. तिने पदर झटकला, अंगावरचा कोंडा पडवीत सांडला, आणि ती गेली. तो कोंडा मीच झाडून काढला.